पडद्याला दिसलेली माणसं

मित्रांनो, मी तंबू टॉकीजचा एक जुना पडदा आहे आणि आजवर मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. हसू नका. सिनेमा माझ्या अंगावर चालतो, तो मला कसा दिसणार? मला दिसतात ती समोर बसलेली माणसं. सिनेमात काय चाललंय ते मी त्यांच्या तोंडांवरून ओळखतो, आणि सहसा चुकत नाही.

माझा जन्म संगमनेरचा. तिथल्या एका शिंप्याने जाड कापडाच्या पट्ट्या जोडून मला शिवलं, काळी किनार लावली, दोर ओवायला पितळी कड्या ठोकल्या. तंबूचे मालक श्रीमंतशेठ, पण मला सांभाळलं ते मशीनवाल्या पुंजारामने. फाटलो की तो टाके घालायचा, पावसाळ्यात उंदरांपासून जपायचा, वर्षातून एकदा पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. तो माझ्याशीच बोलायचा. मला उत्तर देता येत नसे, याचं अजून वाईट वाटतं.

आमचे चांगले दिवस गेले पाथर्डीकडच्या जत्रांत. ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या सुमारास गावी परतली की जत्रा भरायची आणि तंबूत पाय ठेवायला जागा उरायची नाही. पहिला खेळ देवाचा, असा रिवाज होता. माझ्यापुढे नारळ फुटायचा, सिनेमाही देवाधर्माचा असायचा. म्हाताऱ्या मला हात जोडायच्या. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फार गर्व वाटायचा.

मग घरोघरी मोबाईल आले आणि गर्दी ओसरली. कधी समोर चाळीस माणसं असायची, कधी दोन कुत्री. वर्षातले दहा महिने मी गोदामात गुंडाळलेला पडून असायचो. अंधाराची सवय झाली, एकटेपणाची काही झाली नाही.

गेल्या चैत्रात श्रीमंतशेठने पुंजारामला बजावलं, "ह्या जत्रंत पयला खेळ शेवटपतुर टिकला तर टॉकीज चालू ठिवू. न्हाईतर तंबू इकून टाकतो. पडदा जाईल कुनाच्या तरी चाऱ्यावर झाकायला." पोरं दिवसभर मोबाईलवर गेम खेळतात, म्हणून शेठने गेमवरचाच एक परदेशी सिनेमा हिंदीत आणला. दोर बांधता बांधता पुंजारामने मला त्याची गोष्ट सांगितली. पुढच्या काळात पैसेवाल्यांची मुलं घरात बसून बटणं दाबतात आणि दूर कुठेतरी खरीखुरी माणसं त्या बटणांवर धावतात, लढतात, मरतात. शेठची चूक झाली ती एकच. हा सिनेमा त्यांनी देवाच्या खेळाला लावला. बायका रिवाजाप्रमाणे लेकरं घेऊन आल्या आणि गोधड्या अंथरून बसल्या. नारळही फुटला.

पहिला माणूस पडला तशा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "ग्राफिक्स लई भारी हाय," एक म्हणाला. "पन रगात खोटं वाटतंय," दुसऱ्याने खोड काढली. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या अजिनाथने दोनदा विचारलं, "देव कवा येनार?" देव काही आला नाही. गोळ्यांच्या आवाजाने लेकरं रडायला लागली आणि बायकांनी एकेक करून गोधड्या गुंडाळल्या. मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही. अर्ध्या तासात पोरंही कंटाळली. त्यांनी खिशातून मोबाईल काढले आणि त्यांची तोंडं खालून उजळली. इतकी माणसं समोर असूनही माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. गोदामातसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

बायकांच्या बाजूला फक्त मालनबाई उरली होती. जत्रेआधीच्या हिवाळ्यात परमुलखातल्या एका कारखान्यावर उसाची ट्रॉली उलटली आणि तिचा नवरा खाली सापडला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाने तिथेच उभं राहून फोन लावला होता, "एक कोयता कमी झाला, दुसरा धाडा." हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण तिच्यासमोर कुणी बोलत नसे. ती सिनेमाच्या नायकाकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या खालच्या कोपऱ्यावर होती. बाकीची माणसं तिथे पडत असावीत, कारण थोड्या थोड्या वेळाने तिचे डोळे भरून यायचे.

शेवटी ती उठली आणि मशीनपाशी गेली. "मामा, त्यो निळ्या सदऱ्याचा पोरगा, त्येला मागं घ्या. पडायच्या आदी थांबवा."

पूर्वी लोकांनी आरडाओरडा केला की पुंजाराम गाणी पुन्हा लावायचा. आता तर एका बटणाचं काम होतं. पण दारात श्रीमंतशेठ उभे होते. खेळ मध्येच थांबला तर काय होईल हे पुंजारामला माहीत होतं, आणि मलाही. मला भीती वाटली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मालनबाईकडे पाहिलं आणि खेळ थांबवला.

मालनबाई माझ्या अगदी जवळ आली. "ह्येचं नाव काय?"

"त्येला नाव न्हाई, बाई," पुंजाराम मागून म्हणाला. "नुसता पडन्यापुरता हाय त्यो."

"आसं कसं? घरी कुनी तरी वाट बघत आसंलच की."

पोरं ओरडायला लागली, "ओ मशीनवाले, चालू करा."

पुंजाराम जागचा हलला नाही. "मंग तूच ठिव त्येला नाव," तो म्हणाला.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते, तेवढंच. नवरा गेल्यावर तर तेही कुणी घ्यायला सांगत नाही. मालनबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "सोपान," ती म्हणाली.

पोरांच्या हातातले मोबाईल एकेक करून मांडीवर उपडे झाले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला त्याचा जरासुद्धा गर्व वाटला नाही. मी फार दुःखी झालो होतो. श्रीमंतशेठ तरातरा मशीनपाशी गेले. "चालू कर, पुंजाराम."

"न्हाई शेठ," पुंजाराम म्हणाला. "ह्यो आता मरायचा न्हाई." आणि त्याने मशीन बंद केलं.

शेठने बोलल्याप्रमाणे केलं. तंबू विकला. मी आता बेलापूरजवळच्या एका गोठ्यात चाऱ्याच्या ढिगावर पसरलेला असतो. उन्हाने विरलोय, चार ठिकाणी फाटलोय. टाके घालणारं कुणी नाही. पुंजाराम पुतण्याकडे राहायला गेला असं ऐकलं. तो एकदा तरी भेटायला येईल असं मला फार दिवस वाटत होतं. अजून आलेला नाही. त्याची खूप आठवण येते. पण त्याने त्या दिवशी केलं ते चुकलं, असं मला एकदाही वाटलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं पडलं असेल तर त्याला जपा. आणि गेम खेळा, सिनेमे पाहा, शिट्ट्याही मारा. फक्त कोपऱ्यात एखादा माणूस पडायला लागला, तर बोट जरा थांबवा आणि त्याला एक नाव द्या. तुमच्या घरातल्या कुणाचं तरी द्या.