चष्मा टोचतोय

आमच्या ठकीच्या नाकावर मधोमध उंचवटा आहे. तो तिच्या बाबांकडून आलेला, आणि आमचं चष्म्याचं दुकान असल्यामुळे घरात त्याचं कौतुकच व्हायचं. असं नाक असलं की फ्रेम घसरत नाही. लहानपणापासून तिचा प्रत्येक चष्मा ह्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेला. पण चष्म्याच्या दुकानात जिकडे मान वळवावी तिकडे आरसा, आणि पोरीला दिवसभर त्या आरशांतून स्वतःचं नाक बाजूने दिसत असतं, हे आम्हा दोघांच्या कधी डोक्यातच आलं नाही. ठकी तिशीला टेकली होती. कुणाशी बोलताना ती पूर्ण वळून समोर उभी राहायची. मला वाटायचं, किती अदबीनं वागते पोरगी!

मागच्या महिन्यात ती मला घेऊन एका सर्जनबाईंकडे गेली. बाई शांत होत्या.

"ऑपरेशनमध्ये आम्ही हाड घासून उंचवटा काढतो," त्या म्हणाल्या. "गरज पडली तर हाड मोडून पुन्हा जुळवतो. सूज पूर्ण उतरायला वर्षसुद्धा लागतं. आणि हाड जुळेपर्यंत नाकावर चष्म्याचा भार नको."

ठकीचं तोंड उतरलं. तिचा नंबर असा, की चष्मा काढला तर जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत. डोळ्यांत घालायच्या कॉन्टॅक्ट लेन्स तिला सोसत नाहीत.

"ऑपरेशनशिवाय काही?" तिनं विचारलं.

"फिलर आहे. त्याने उंचवटा जात नाही. त्याच्या वर-खाली सुईने जेल भरतात, म्हणजे बाजूने रेघ सरळ दिसते. काही महिन्यांनी ते विरतं. पण सुईचं काम म्हणून साधं समजू नका. नाकातल्या शिरा बारीक. जेल शिरेत गेलं तर कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, कधी डोळ्यावरही बेततं. कातडी पांढरी पडली, दुखायला लागलं, तर तासभरही थांबायचं नाही. सावकाश ठरवा."

ही सगळी हकिकत मी ह्यांना सांगितली ती भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर. माझ्या पोटात काही राहत नाही.

"नाक घासायचंय?" हे म्हणाले. "मग बाहेर कशाला जायचं? कानस आहे की माझ्याकडे!"

गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. विषय हसण्यावारी गेला म्हणून मला बरंच वाटलं. ठकी फ्रेमा पुसत राहिली.

त्यानंतर एकदा दुकानाच्या सुट्टीला ती मैत्रिणीकडे जाते म्हणून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या म्हणाली, "बाबा, चष्मा टोचतोय."

ह्यांनी चष्मा तिच्या नाकावर ठेवून नेहमीसारखा अंगठ्याने जरा दाबला. ती कळवळली.

"वर बसतोय हा. फ्रेम वाकवलीस कुठेतरी," हे म्हणाले आणि बारीक पक्कड घेऊन नाकावर टेकणारे पॅड सैल करत बसले.

थोड्या वेळाने ती परत आली. मग मऊ सिलिकॉनचे पॅड लावून झाले. मग काचा काढून हलक्या फ्रेममध्ये बसवून झाल्या. ह्यांच्या हाताला काम मिळालं की ह्यांना दुसरं काही सुचत नाही.

"इतकी वर्षं दुकान चालवताय आणि पोटच्या पोरीचा चष्मा बसेना?" मी बिलं करता करता चिडवलं. मान वर करून बघितलं असतं तर कळलं असतं, ती बाजूने वेगळीच दिसत होती.

दुपारी जेवायला बसलो. ठकीनं पानाला हात लावला नाही. खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर आला तेव्हा दिसलं, डावी नाकपुडी खडूसारखी पांढरी झाली होती आणि भोवती जांभळी जाळी पसरली होती. पॅड टेकतात वर, हाडापाशी.

"ठके, चष्मा नाकपुडीवर कधीपासून टेकायला लागला गं?"

तिला रडू फुटलं. "काल फिलर करून घेतलं. एका स्किन क्लिनिकमध्ये."

"आणि सकाळपासून तोंड शिवून बसलीस? बाईंनी काय सांगितलं होतं?"

"मला वाटलं, चष्म्यानंच होत असेल. बाबा म्हणाले ना, चष्माच आहे म्हणून."

हे ताटावरून तसेच उठले.

सर्जनबाई रागावल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी कातडी बोटानं दाबून सोडली. रंग परतेना. मग जेल विरघळवायचं औषध त्या सुईने पुन्हा पुन्हा देत राहिल्या, मध्ये मध्ये गरम कपड्याने शेकत होत्या. ठकीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की माझा हात बधिर झाला.

"डोळ्याला धोका नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "बरीचशी कातडी वाचेल. नाकपुडीची कड मात्र काळी पडेल. व्रण राहील. सकाळीच आला असतात तर..."

त्या बाहेर गेल्यावर हे ठकीच्या उशाशी उभे राहिले. "मी ओरडेन म्हणून नाही सांगितलंस?"

"ओरडला असतात तर चाललं असतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही दोघं हसला असतात."

मला असा संताप आला, की कुणाला तरी फाडून खावं. पण त्या खोलीत आम्हीच होतो.

ठकीनं आरसा मागितला. मी दिला. तिनं तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, तिला काही धड दिसेना. नाकावर चष्मा ठेवायला बाईंनी सक्त मनाई केली होती. तेव्हा ह्यांनी दोन्ही काड्या चिमटीत धरून चष्मा तिच्या डोळ्यांपुढे नेला, नाकाला न टेकवता. पण काचा सारख्या हलत होत्या.

"नीट धरा ना, बाबा. मला बघायचंय."

ह्यांना जमेना. मग एक काडी मी धरली, आणि ती बघत होती तेवढा वेळ आम्हा दोघांनाही तिच्याकडे बघावंच लागलं.