आत्याची खुर्ची

बासिलने मला घरी कॉफीला बोलावलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं एकत्र काम करताना तो माझ्यावर ओरडलाय, माझ्यासमोर रडलाय, माझ्या डब्यातली वांगी खाऊन गेलाय. रीतसर आमंत्रण मात्र कधी दिलं नव्हतं. रविवारी आमची कंपनी एका बड्या गुंतवणूकदाराशी करार करणार होती. मालक म्हणून कोणाची नावं जाणार हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात माझं नव्हतं. ते आता मागायचं, नाहीतर कायमचं गप्प बसायचं.

माझा स्वभाव चौकस. आई म्हणायची, "रुबाला झाकण दिसलं की उघडल्याशिवाय घास उतरत नाही." कंपनी याच स्वभावावर उभी आहे म्हटलं की लोकांना बढाई वाटते, म्हणून सगळं सांगते.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, अम्मानच्या वैबदे भागात, एका बेकरीवरच्या खोलीत. बासिल प्रोग्राम लिहायचा, मी गिऱ्हाइकांना समजावून द्यायची. कुठल्याही कंपनीत खरेदीची, मालाची मागणी निघाली की ती पडद्यावर एका साहेबाकडून दुसऱ्याकडे जाते, सगळ्यांचा होकार आला की हिरवी खूण उमटते आणि माल सुटतो. एवढंच आमचं सॉफ्टवेअर. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे अम्मानजवळच्या सहाबला फरशा आणि नळ विकणारे दोन भाऊ. त्यांच्याकडे हिरव्या खुणा पटापट उमटायच्या, पण ट्रक जागचे हलायचे नाहीत.

"तुमचं यंत्र बिघडलंय," थोरले भाऊ अबू राकान फोनवर गरजले. "या महिन्यात नीट करा, नाहीतर उचलून न्या."

बासिलने सगळा प्रोग्राम उसवून पुन्हा शिवला. चूक सापडेना. हे गिऱ्हाईक गेलं असतं तर दुकान बंद, बासिल दुबईच्या बँकेत आणि मी पुन्हा शाळेत गणित शिकवायला.

घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला मी सहाबच्या गोदामात जाऊन बसले. गोदाम सांभाळणारा जिरियस हिरवी खूण बघायचा, मान डोलवायचा आणि चहा ढवळत बसायचा. दुपारी दोघे भाऊ जेवायला जायचे. परत आले की ट्रक धडाधड भरायला लागायचे. एखादा मात्र तसाच राहायचा.

"जेवायला जातात कुठे रे हे?"

"बहिणीकडे. विदाद आत्याकडे," जिरियस म्हणाला आणि एकदम चहात डोकावून बघायला लागला.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा हा धंदा विदाद आत्याने वाढवला होता. ते गेल्यावर तिने आपला हिस्सा भावांच्या नावे लिहून दिला, घरोघरी बहिणी देतात तसाच. कंपनीत ती कोणीच नव्हती, म्हणून आमच्या सॉफ्टवेअरलाही ती माहीत नव्हती.

मी तिच्या घरी गेले. तिने कॉफी दिली, मी कप समोर ठेवून दिला. मागणं घेऊन आलेला माणूस होकार मिळेपर्यंत कॉफीला तोंड लावत नाही, ही आमची रीत. पण ती लग्न जुळवताना, भांडण मिटवताना पाळायची, तीही पुरुषांनी. आत्या खो खो हसली.

"मागणी घालायला आलीस की काय? वऱ्हाड कुठाय तुझं?"

मी हवापाण्याचं, फरशांचं काहीबाही बोलायला लागले.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस गं. काय हवंय?"

"तुमचा होकार भावांना जेवताना नको, पडद्यावर द्या. मी तुमच्यासाठी वेगळी जागा करते."

"पण मी त्या कंपनीत कोणीच नाही."

"मग ट्रक का थांबतात?"

"भावांनी हिश्शाच्या सहीला घरी बोलावलं ना, तेव्हा माझ्यासमोरही कॉफी होती. गप्पांच्या नादात पिऊन टाकली. काही मागायचंच राहिलं बघ." मग तिने कप माझ्याकडे सरकवला. "पी कॉफी."

आमच्यात याचा अर्थ, दिलं. ट्रक चालू झाले.

पुढे मला नादच लागला. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मी विचारायची, "मालकाच्या वर कोण?" सगळे हसून सांगायचे, "छे, कोणी नाही!" आणि मी लिफ्टपाशी पोचले की मागून हाक यायची. जेद्दाहच्या दूधवाल्यांकडे एक निवृत्त मुनीम होता. कुवेतच्या कंत्राटदाराची सासू होती. त्रिपोलीच्या औषध कंपनीत तर मालकाचा जुना न्हावी निघाला! प्रत्येकासाठी आम्ही एक बिननावाची जागा ठेवली. ऑफिसात तिला 'आत्याची खुर्ची' म्हणतात. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये ती नव्हती, म्हणून आमचं खपलं. एका खोलीचे चार मजले झाले, आम्ही अब्दली भागातल्या काचेच्या इमारतीत गेलो.

आणि दिव्याखाली अंधार. मागच्या महिन्यात दीमा नावाची नवी मुलगी एक करार घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"बासिलने हो म्हटलंय ना? मग माझ्याकडे कशाला?"

"तुम्ही अजून बघितलं नाहीत ना, रुबा आत्या."

आत्या! हातातलं काम हातातच राहिलं. पगार वाढत गेला होता, हिश्शाचं कधी निघालंच नव्हतं. बासिलने कधी नाकारला नाही, मी कधी मागितला नाही. मला राग आला, बासिलचा थोडा आणि माझाच फार.

तर मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने, उम्म बासिलनी, तिघांना कॉफी ओतली.

"करार झाला तरी तू आमचीच हं," बासिल म्हणाला. "तुझ्याशिवाय इथे पान हलत नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणूनच आले." मी कप टेबलावर ठेवला.

"पी ना, गार होतेय."

"होऊ दे."

त्याचे कान लाल झाले. "अगं, रविवारी सह्या आहेत. आता कुठे नावं बदलत बसू?"

मी कप तसाच राहू दिला. उम्म बासिल कप ओठांपर्यंत नेत होत्या. इर्बिदच्या ऑलिव्हच्या बागेत त्यांचाही एकेकाळी हिस्सा होता, भावांना दिलेला. त्यांनी आपला कप माझ्या कपाशेजारी खाली ठेवला.

"आई, आता तू पण?"

"मी पण," त्या म्हणाल्या.

बासिलने दोन्ही कपांकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि वकिलाला फोन लावला. "रविवार पुढे ढकला. नाही हो, भांडण कसलं! मालकांत एक नाव राहिलंय."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"पी कॉफी," तो म्हणाला.