सरळ आत, सरळ बाहेर

आमच्या ह्यांच्यासारखा विचारी माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. ऑफिसाऑफिसांतून ‘योग्य निर्णय कसा घ्यावा’ यावर भाषणं देणं हाच त्यांचा धंदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅम्पर, म्हणजे आमची बिछान्यांसकटची फिरती गाडी, घेऊन कुठे उतरायचं, हा निर्णय ते ऐन थंडीतच घ्यायला बसतात. टेबलावर नकाशा, लॅपटॉपवर तक्ता आणि घरात कुणी हूं की चूं करायचं नाही.

तळ्यांचा प्रदेश आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. जिकडे बघावं तिकडे तळं, आणि तळं तिथे फॅमिली रिसॉर्ट. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘निवांत विसावा’, आणि सकाळी सातला भोंग्यावरून पोरांच्या शर्यती सुरू होतात. हे सगळ्यांना तक्त्यात गुण देतात. स्वच्छतागृहाला वेगळे, घसरगुंडीला वेगळे, शेजाऱ्यांच्या घोरण्यालासुद्धा वेगळे. आणि एवढी डोकेफोड करून गेले चार उन्हाळे आम्ही उतरलो कुठे? तर हायवेला चिकटून, कचऱ्याच्या डब्यांसमोर, खडीवर! मला तर तळं दिसलं ते फाटकावरच्या पाटीवर रंगवलेलं.

“काठावर डास असतात,” पहिल्या वर्षी म्हणाले. दुसऱ्या वर्षी ओल आली. तिसऱ्या वर्षी म्हणे पोरगी पाण्यात पडेल. पोरगी तेव्हा शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये होती! मी दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. माणसं त्या खुर्चीत बसायचं टाळायला काय काय सांगतात ते दिवसभर ऐकते. खरं कारण असलं की ते एकच असतं. खोटं असलं की कारणांची रांग लागते.

खरं कारण मला ठाऊक होतं. ह्यांना गाडी रिव्हर्स घेता येत नाही. कॅम्पर घरी आणला त्याच दिवशी मागे घेताना ह्यांनी शेजाऱ्यांचं फाटक आडवं केलं, आणि खाली उतरून म्हणतात कसे, “फाटक चुकीच्या जागी लावलंय.” नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तेव्हापासून आमच्या गाडीला मागे जाता येतं हेच घरात सगळे विसरले. आता काठावरच्या जागा सगळ्या अशा, की गाडी पाठमोरी आत घालावी लागते. सरळ आत शिरा आणि सरळ बाहेर पडा, ही सोय फक्त त्या हायवेच्या खडीवर. म्हणजे तक्त्यातले बाकीचे रकाने निव्वळ देखावा.

तरी मी तोंड उघडलं नसतं. नवऱ्याचं झाकत आलेय, त्यात आणखी एक. पण सासूबाईंचे गुडघे पार गेलेत. दर वर्षी त्या आमच्याबरोबर येतात, कॅम्परमधला मागचा बिछाना त्यांचा. खडीवरून काठापर्यंत त्यांना चालवत नाही, चाकांची खुर्ची खडीत रुतते. उचलून नेऊ म्हटलं तर फणकारतात, “मी काय सोफा आहे?” चार उन्हाळे ही बाई तळ्यापासून हाकेच्या अंतरावर झोपली आणि तिने पाणी पाहिलं नाही.

“मला काय करायचंय पाणी घेऊन? इथेच बरी हवा लागते,” म्हणायच्या. पण नात पोहून आली की तिचे ओले केस मुठीत धरायच्या. “आज कसं होतं गं पाणी?” मला भडभडून यायचं, आणि लगेच ह्यांचा संताप यायचा.

यंदा सासूबाईंच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात त्यांना कॅम्परच्या पायऱ्या चढवणार नाहीत. मग मात्र मी ऐकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत क्लिनिकच्या फोनवरून काठावरची जागा बुक करून टाकली आणि घरी चकार शब्द काढला नाही. ह्यांना कळलं ते थेट रिसॉर्टच्या फाटकावर, काउंटरवरच्या बाईने हातात नंबर ठेवला तेव्हा.

दाढ काढायची म्हटल्यावर पेशंटचा होतो तसा ह्यांचा चेहरा झाला. “काठावर? तू तक्ता बघितला नाहीस?”

“बघितला. त्यात आई कुठल्या रकान्यात आहेत ते सापडलं नाही.”

ह्यांनी नंबर खिशात घातला. गाडी काढली.

पुढचा तमाशा काय सांगू! एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, मधून गाडी पाठीमागे घालायची. ह्यांनी दोनदा पुढे-मागे केलं मात्र, आजूबाजूच्या कॅम्परांतून अर्ध्या चड्डीतले तज्ज्ञ चहाचे कप घेऊन बाहेर आले. “येऊ द्या, येऊ द्या!” “डावीकडे कापा!” “अहो, तुमची डावी नाही, माझी डावी!” सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता त्याची स्वतःची गाडी झाडाला टेकलेली होती. आमची लेक लाजेने सीटखाली गेली. ह्यांची मान घामाने निथळत होती.

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. “अरे, राहू दे. पाण्याजवळ मला गरगरतं. खडीवरच घे आपली.”

त्या कारणांच्या रांगेत आणखी एक उभं राहिलं, आणि तेही माउलीने स्वतःच्या पदरचं दिलेलं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

ह्यांनी इंजिन बंद केलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मला रिव्हर्स येत नाही,” म्हणाले. “कधीच येत नव्हतं. आता सगळ्यांनी जरा गप्प बसा.”

झाडवाला आपल्या कपात बघायला लागला.

“आई, खरंच गरगरतं तुला?”

“नाही रे,” सासूबाई हळूच म्हणाल्या.

“मागची खिडकी तुझ्या उशाशी आहे ना? मागचं दिसतंय?”

“सगळं दिसतंय.”

“मग तूच सांग.”

एवढ्या तज्ज्ञांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की ज्याला मागचं खरोखर दिसतं ते माणूस गाडीत मागेच पडून आहे. मी खाली उतरून बाजूने चालायला लागले. सासूबाईंनी डावं-उजवं काही केलं नाही. “ये,” म्हणाल्या. “हळू. ये बाळा, ये.” पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराला बोलवावं तसं बोलावत होत्या, आणि हे येत होते. झाड गेलं. खांब गेला.

“ये. अजून ये.”

गवत संपलं, गोटे लागले. “आई, बास?” ह्यांनी विचारलं.

“ये रे, ये! अजून ये!”

मागचं चाक डुबकन पाण्यात गेलं. मी गाडीच्या अंगावर दोन्ही हातांनी धपाधप थापा मारल्या. “अहो, थांबा! बुडवता की काय आम्हाला!”

गाडी थांबली. मी धावत आत शिरले. सासूबाई बिछान्यावर उठून बसल्या होत्या, दोन्ही तळवे काचेवर टेकलेले, आणि खिडकीभर नुसतं पाणी.

“आई, थांब म्हणायचं नाही का हो?”

त्यांनी वळून पाहिलं नाही. “कसं म्हणू गं?” म्हणाल्या. “ते जवळ येत होतं.”

हे पुढून उठून आले आणि त्यांच्या पायांशी बसले. गाडी आता ओढून बाहेर काढावी लागणार होती, पण तो विषय कुणी काढला नाही. आणि डास? होते. खरंच होते, ढिगाने होते. संध्याकाळभर ह्यांनी मुकाट्याने मारले.