कुंपणातली फट

शालिकराम थकला होता. सकाळी उठायचा तोच थकलेला, मग दिवसभराचं काय सांगावं! नागपूरच्या त्या जुन्या गोल्फच्या मैदानावर माळीकाम करण्यात त्याची हयात गेली होती, आणि आता निवृत्तीपर्यंत कुणाच्या अध्यात ना मध्यात राहायचं, एवढाच त्याचा बेत होता.

मैदान एका इंग्रज साहेबानं आखलेलं. चिंचा, मोह, कडुनिंब जिथल्या तिथे ठेवून त्यानं मधून खेळाचे पट्टे काढले. सातवा पट्टा मात्र विहिरीपाशी एकदम वळायचा, कारण पलीकडच्या वस्तीतल्या बायांची पाण्याची वाट तिथून जायची. साहेबानं वाट मोडली नाही, पट्टाच वाकवला आणि कुंपणात फट ठेवली. तेव्हापासूनची रीत अशी, की बाया घागरी घेऊन निघाल्या की खेळ थांबायचा. मोठमोठे जज्ज उन्हात काठ्या टेकून उभे राहायचे आणि बाया त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जायच्या.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात क्लबचे नवे सेक्रेटरी बाबनराव यांना हिरवळीचं वेड लागलं. तोवर बॉल घालायच्या भोकाच्या झेंड्याभोवती जळक्या तेलात कालवलेली वाळू असायची. शालिकराम ती रोज दांडा लावलेल्या लाकडी पाटीनं सारखी करायचा, त्याच्या नखांतलं तेल कधी जायचंच नाही. बाबनरावांना तिथे गवत हवं होतं. गवताला पाणी हवं, पाणी त्या एका विहिरीत, म्हणून फट बुजवा असा हुकूम निघाला. वस्तीला कन्हान नदीच्या पाण्याचा नळ होता, म्हणजे पाणी आलं तर होता.

शालिकरामची बायको कौसल्या त्याच फटीतून पाणी नेत असे. तरी तो बोलला नाही. वाद घालायला अंगात त्राण लागतं, आणि नोकरी गेली तर खायचं काय? त्यानं मुकाट्यानं बाभळीच्या काट्या रोवल्या आणि घरीही सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी तो सातव्या पट्ट्याच्या नव्या गवतावर पाइप धरून उभा होता. बाया आल्या आणि काट्यांपाशी थबकल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. कौसल्या पुढे होती.

"अजी, हे कोणं लावलं?"

"म्या."

रिकामी घागर तिनं काट्यांवरून उचलून धरली. खाली घेतलीच नाही. शालिकरामला तिचा राग आला, बाबनरावांचा आला, त्या मेलेल्या साहेबाचाही आला. मग त्यानं पाइप घागरीत धरला. मागच्या बायांनीही घागरी पुढे केल्या.

उन्हाळाभर हेच चाललं. घरात कौसल्या कामापुरतंच बोलायची.

गवत पिवळं पडलं. बाबनराव बघायला आले.

"मातीले मानवून नाही राहिलं, साहेब," शालिकराम म्हणाला.

बाबनरावांनी पिवळ्या गवताकडे पाहिलं, मग काट्यांकडे. सांडलेल्या पाण्यावर तिथे हिरवंगार गवत माजलं होतं. त्यांनी घाम पुसला. त्यांचाही जीव मेटाकुटीला आला असावा.

"वाळूच टाक पुन्हा," ते म्हणाले. "अन् काट्या काढ. बॉल अडकतात."

शालिकरामनं त्याच दिवशी काट्या उपटल्या. दुसऱ्या सकाळी तो वाळू सारखी करत असताना बाया फटीतून आल्या. तो थांबला, पाटीच्या दांड्यावर रेलून उभा राहिला. कौसल्या त्याच्यासमोरून गेली, ढुंकूनही न बघता. त्याला फार वाईट वाटलं. तरी सगळ्या जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला.