वेळेआधीची बांग

हिजरी सन चौदाशे दहाच्या रमजानात, म्हणजे इसवी सन १९९०च्या एप्रिलात, नाईल नदीच्या मुखाकडील कफ्र अल-नवाईर या गावी, धुळीच्या वादळाने सूर्य झाकला असता, सायंकाळची बांग सूर्यास्तापूर्वी अर्धा तास दिली गेली आणि साऱ्या गावाचा रोजा बुडाला. बांग देणारा बयूमी.

बयूमी विधुर होता. मुलगा बगदादेत गवंडीकाम करी; वर्षाकाठी आपला आवाज भरलेली एखादी कॅसेट पाठवी. एरवी घरात बोलणारे कोणी नव्हते. परंतु दिवसातून पाच वेळा बयूमी मिनार चढे, आणि त्याच्या हाकेसरशी दारे उघडत, चपला वाजत, नळ सुटत. ज्याच्या हाकेला घरातून ओ येत नाही, त्याला गावाची ओ किती मोलाची असते, हे वेगळे सांगायला नको.

लहानपणी कालव्यात डुंबताना जडलेल्या किड्याने त्याचे यकृत पोखरले होते. हिवाळ्यात एकदा बद्धकोष्ठ होऊन तो भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तेव्हा मन्सूरा शहरातल्या डॉक्टर वगीहांनी त्याला एक दाट, गोड पाक दिला.

"चाचा, शेताला पाणी दिलं, पण निचऱ्याचा चर तुंबला, तर काय होतं?"

"मीठ वर येतं. जमीन पांढरी पडते."

"तुमच्या डोक्याचं तेच झालंय. आतड्यात विष तयार होतं, ते यकृतानं मारायचं. तुमचं यकृत थकलं. त्यात पोट तुंबलं, की विष रक्तातून मेंदूत चढतं. हा पाक अंगी लागत नाही. तो आतड्यातच राहतो, पाणी ओढून मळ सैल करतो. तिथले जंतू त्याला आंबवतात आणि त्या आंबटात विष अडकून बाहेर पडतं."

"म्हणजे जुलाबच की!"

"जुलाब नव्हे, निचरा. दिवसाला दोन-तीनदा पातळ व्हायलाच हवं. पोट साफ झालं म्हणून बाटली ठेवून द्यायची नाही. आणि रोजे तुम्हाला माफ."

रोजे माफ! जो गावाला रोजा सोडायची वेळ सांगतो, त्यानेच दुपारी भाकरी मोडायची? बयूमीने रोजे धरले आणि पाक केवळ रात्री घ्यायचे ठरवले. पण एका पहाटे बांग अर्ध्यावर आली असताना पोटात कळ उठली, आणि तो ती तशीच टाकून जिना उतरला.

संध्याकाळी मशिदीच्या दारात रजब खाटकाने विचारले, "काय चाचा, आज पुरी मिळणार की निम्मीच?"

लोक हसले. थट्टेत विष नव्हते; परंतु ती पुसून टाकायला बयूमीच्या घरी कोणी नव्हते. त्याने बाटली पिठाच्या डब्यामागे सारली. पोट बांधले गेले, शौचाला जाताच मोडणारा वजू, म्हणजे नमाजाआधीची हातपाय धुण्याची शुद्धी, टिकू लागला, आणि दुआ कबूल झाली असे त्याला वाटले.

आठवडाभराने शेजारची नफीसा रात्री घेवड्याचे वाटण घेऊन आली, ती दारातच थबकली. "अगं बाई! चाचा, अंगरख्याचा गळा पाठीवर कसा? आणि चहात मीठ ढवळताय? दिवसा घोरता, रात्री अंगणात येरझाऱ्या घालता. औषध घेता ना?"

"घेतो."

आपण खोटे बोललो की विसरलो, हे त्याचे त्यालाच उमगेना.

वादळाच्या दिवशी तो दुपारच्या झोपेतून उठला, तेव्हा खोली तांबूस अंधारलेली होती; त्याला सांज झाली असे वाटले. मिनारावर गेल्यावर सूर्य पाहायचा, तर कालव्यापलीकडचे खजुराचे झाडही दिसेना. कानांशी धरलेले त्याचे तळवे पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते. तरीही आवाज इतका भरदार कधी लागला नव्हता. गावाने खजूर तोंडात टाकले. अर्ध्या तासाने रेडिओवर रोजा सोडायची कैरोची तोफ झाली, आणि हातातले घास हातातच राहिले.

माणसे धावत मिनार चढली. बयूमी कठड्याला टेकून उभा होता. इतकी माणसे आपल्याकडे आलेली पाहून त्याचा चेहरा उजळला. रजबचा हात धरून, मुलाच्या नावाने हाक मारून तो म्हणाला, "फौझी, बगदादेहून कधी आलास?"

रजब हसला नाही. त्याने म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतले.

मन्सूराच्या इस्पितळात तोच पाक नळीने पोटात गेला, बस्तीवाटेही दिला गेला. निचरा झाला, तशी शुद्ध परतली. मग एका सकाळी मशिदीचे इमाम शेख झगलूल खाटेशी येऊन बसले.

"गावाचा रोजा?" बयूमीने विचारले.

"जो तो एक दिवस भरून देईल. पाप कुणालाच नाही."

"आणि मी? आता औषध चुकवणार नाही, शेखसाहेब. पुसा डॉक्टरांना."

"नफीसेनं पुसलं होतं. घेतो म्हणालात."

खिडकीबाहेर शहरातली कुठलीशी बांग, अनोळखी आवाजात, सुरू झाली होती. ती संपेपर्यंत शेख थांबले.

"बयूमीभाई, तुम्हाला रोजा नाही, औषध आहे, ते टाकणं हेच पाप. वजू मोडला तर पुन्हा करा, कालव्यात पाणी पुष्कळ आहे. पण बांग यापुढं तुम्ही द्यायची नाही."