मानेच्या इशाऱ्यावर

लायनेल ब्रूसारचा आवाज खणखणीत होता आणि त्याला त्याचा गर्वही होता. लुईझियानात, त्याच्या गावच्या चर्चमध्ये तो गायला उभा राहिला की मागच्या बाकांवरचे म्हातारे डुलक्या सोडून ताठ बसायचे. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर तोच आवाज त्याचं हत्यार होता. क्वार्टरबॅकने, म्हणजे फळीमागे उभा राहून डाव चालवणाऱ्या गड्याने, पुकारा केला की चेंडू खेळात येतो. लायनेलच्या पुकाऱ्याने अख्खी फळी एका माणसासारखी पुढे झेपावायची.

एका बड्या विद्यापीठाच्या टीममध्ये बाकावर बसून बसून तो कंटाळला आणि शेवटच्या वर्षासाठी नेब्रास्कातल्या विलो फोर्क कॉलेजात आला. कॉलेज लहान, गाव त्याहून लहान, पण इथे तो पहिल्या दिवसापासून टीमचा क्वार्टरबॅक होता.

ऑगस्टमध्ये सराव रंगात आला आणि सेंटरचा, म्हणजे वाकून पायांमधून मागे चेंडू देणाऱ्या गड्याचा, गुडघा निखळला. कोच बर्डेटनी त्याच्या जागी मिलो कुचेराला उभं केलं.

"कोच, त्याला ऐकू येत नाही," लायनेल म्हणाला.

"माहीत आहे मला. तुझ्या आधीपासून ओळखतो मी त्याला."

"मी मागून ओरडणार आणि त्याला पत्ताच नसणार. मग चेंडू काय मनातलं ओळखून येणार?"

"ते तुम्ही दोघं बघा," कोच म्हणाले आणि शिट्टी तोंडात घालून चालू लागले.

मिलो त्याच गावचा. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान कायमचे गेले. वडिलांचं टायरचं दुकान होतं, तिथे ट्रकचे टायर उचलून त्याचे खांदे दरवाज्याएवढे झाले होते. ओठ वाचून त्याला बहुतेक सगळं समजायचं. बोलायचा थोडं, सपाट आवाजात, शब्द निवडून ठेवल्यासारखं.

पहिला सामना त्यांनी हरून दाखवला. चेंडू कधी आधी यायचा, कधी उशिरा. एकदा तर लायनेलच्या डोक्यावरून गेला आणि समोरच्यांनी तो उचलून शेवटच्या रेषेपार नेला आणि सहा गुणांचं टचडाउन केलं. सामना संपल्यावर लायनेलने हेल्मेट लॉकरवर आपटलं.

"मी भिंतीशी बोलतोय," तो म्हणाला. "भिंतीशी."

मिलोची पाठ होती, त्याला काहीच कळलं नाही. पण त्याच्या शेजारी खेळणारा सिओने, मूळचा पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा पहाडासारखा गडी, बूट काढता काढता थांबला.

"तोंड त्याच्याकडे करून बोल, लेका. शिवी द्यायची तर समोरून दे. तेवढा तरी मान ठेव त्याचा."

लायनेलची कानशिलं तापली. आता माघार घेणं बरं दिसलं नसतं. त्याने मिलोच्या खांद्याला हात लावून त्याला वळवलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मिलोने त्याचे ओठ नीट वाचले. रागावला नाही. तिथेच ओल्या फरशीवर वाकून उभा राहिला आणि पायांमधून मागे बघत म्हणाला, "तू मला दिसतोस इथून. उलटा दिसतोस, पण दिसतोस. तयार झालास की डावा पाय उचल. मग मी मान वर करीन. मान वर आली की चेंडू."

"आणि बाकीची फळी?"

"ती मला बघेल."

"म्हणजे मी तोंड बंद ठेवायचं?"

"जमेल का?" मिलोने विचारलं. सिओने इतका हसला की बाकावरून घसरला.

पुढचा आठवडाभर कोचनी मैदानावर एक अक्षर बोलू दिलं नाही. टोकाला उभ्या असलेल्या गड्यांनाही डोळ्याच्या कोपऱ्यातून मिलोची मान बघायला लागायची. लायनेलला तोंडाला फडकं बांधल्यासारखं वाटायचं. पण गप्प राहायची सवय झाली तसं त्याला वेगळंच काही दिसू लागलं. ओरडण्याच्या नादात आजवर त्याने समोरच्यांकडे धड पाहिलंच नव्हतं. आता कुणाचा भार कुठल्या पायावर आहे, कुणाची नजर कुठे वळते, हे त्याला कळायला लागलं. आणि मिलोचा चेंडू ठेवल्यासारखा हातात यायचा. पावसात, वाऱ्यात, थंडीने बोटं वाकत नव्हती तेव्हासुद्धा.

दुसरा सामना जिंकला, मग तिसरा. मग हरायचं जणू विसरूनच गेले. नोव्हेंबरात बर्फ पडला, तरी मैदानाच्या कडेला पिकअप गाड्यांची रांग हटत नव्हती.

लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलादनगरीत होता. तिथले प्रेक्षक घंटा, पत्र्याचे डबे आणि कुठल्याशा जुन्या इंजिनाचा भोंगा घेऊन यायचे. पाहुण्या टीमला आपल्या क्वार्टरबॅकचा पुकारा ऐकू जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा खरा खेळ. भले भले तिथे गांगरून गेले होते.

मैदानात शिरताच मिलोने सिओनेच्या तोंडाकडे पाहिलं. "फार आवाज आहे का?"

"माझ्या दाढा हलतायत."

"असं होय," मिलो म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला बसला.

त्या गदारोळात विलो फोर्कची पोरं वाचनालयात बसल्यासारखी खेळली. पाय उचलला, मान वर झाली, चेंडू निघाला. भोंगा वाजून वाजून शेवटी प्रेक्षकच दमले. परतीच्या बसमध्ये लायनेल आपणहून मिलोशेजारी जाऊन बसला.

अंतिम सामना टेक्ससमध्ये, रेडस्टोन कॉलेजशी. रेडस्टोनवाले अभ्यास करून आले होते. मिलोची मान वर आली रे आली की त्यांचे गडी बाणासारखे सुटायचे. लायनेल इतक्यांदा आडवा झाला की त्याच्या बरगड्या श्वासागणिक दुखायला लागल्या. मध्यंतराला ते दहा गुणांनी मागे होते.

कोच फळ्यावर बाण काढत होते तेव्हा मिलोने हात वर केला.

"ते मला बघत नाहीत. माझी मान बघतायत."

"मग हलवू नकोस," सिओने म्हणाला.

"हलवणार. पण चेंडू लगेच देणार नाही. कधी एक श्वास थांबेन, कधी दोन. किती ते आधीच बोटांनी ठरवू."

कोचनी खडू खाली ठेवला. "आपला कुणी आधी हलला तर दंड आपल्याला. तीन महिने या पोरांना मी मान वर आली की धावा म्हणून शिकवलंय."

"आता थांबा म्हणून शिकतील," मिलो म्हणाला.

पहिल्याच वेळी सिओने आधी हलला आणि पाच यार्ड गेले. "सवय, राजा," तो छातीवर हात ठेवून पुटपुटला. पण पुढे फळी सावरली. नेमका क्षण हुकल्यामुळे रेडस्टोनचे गडी अडखळायला लागले आणि लायनेलला उभं राहून बघायला सवड मिळू लागली. अंतर कमी होत होत चार गुणांवर आलं. मैदानाच्या घड्याळात आता फारच थोडा वेळ उरला होता.

चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं, असा नियम, आणि ही चौथी, शेवटची संधी. तीन यार्ड हवे होते, नाहीतर चेंडू रेडस्टोनकडे जाणार आणि सगळं संपणार. कोंडाळ्यात लायनेलने दोन बोटं दाखवली. मिलोने नकारार्थी मान हलवून तीन बोटं दाखवली. तीन श्वास त्यांनी कधीच थांबून पाहिले नव्हते. लायनेलने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घामाने डबडबलेला, पण शांत. त्याने होकार दिला.

फळी वाकली. लायनेलने पाय उचलला. मिलोची मान सावकाश वर आली.

एक श्वास गेला. समोरच्यांच्या पोटऱ्या तटतटल्या. दुसरा गेला. लायनेलच्या गळ्यात सगळा हंगाम दाबलेली आरोळी येऊन बसली. त्याने दात आवळले. त्याच्या फळीतलं एक बोटसुद्धा हललं नाही. तिसरा श्वास अर्धा झाला असेल नसेल, रेडस्टोनच्या मधल्या धिप्पाड गड्याचा धीर सुटला आणि तो सीमारेषा ओलांडून मिलोच्या अंगावर कोसळला.

पंचाने दंडाचा पिवळा रुमाल हवेत उडवला. पाच यार्ड विलो फोर्कला, आणि पुन्हा चार संधी.

त्यांना दोनच लागल्या. दुसऱ्या वेळी लायनेलने चेंडू कोपऱ्यात असा अलगद टाकला की टोकाकडून तिकडे धावणाऱ्या त्यांच्या कीगनने तो पडता पडता छातीशी धरला. टचडाउन. शिट्टी वाजली तेव्हा विलो फोर्क विजेते होते.

मैदानात झुंबड उडाली. एक रेडिओवाला माईक घेऊन लायनेलकडे धावत आला. लायनेलने त्याचा दंड धरला आणि त्याला मिलोपुढे नेऊन उभा केला.

"याला विचारा. आणि याच्याकडे बघून विचारा."

"ऐन मोक्याला ते फसले कसे?" रेडिओवाल्याने विचारलं.

मिलो हेल्मेट काढत म्हणाला, "त्यांना घाई होती."

"आणि तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"भूक लागली होती. इथे भाजलेलं मांस चांगलं मिळतं म्हणतात."

ते खरोखरच गेले. रस्त्याकडेच्या एका हॉटेलात बाकं जोडून सगळी टीम बसली, करंडक मधे, त्याच्या शेजारी लोणच्याची बरणी. मिलोचे वडील टेबलाच्या टोकाला उभे राहून, काळवंडलेल्या बोटांनी हातवारे करत लेकाला काहीतरी भराभर सांगत होते आणि मिलो हसत होता. सिओनेने त्यातलं थोडं लायनेलला समजावून सांगितलं, थोडं चुकीचं सांगितलं. लायनेलला बरगड्यांमुळे धड हसताही येत नव्हतं. त्याने मिलोच्या खांद्यावर टकटक केलं, तो वळेपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "ते हातवारे मलाही शिकव."

"आधी खा," मिलो म्हणाला आणि ताट त्याच्याकडे सरकवलं.