मोटर चालू आहे

"ब्लोअरची मोटर गेली तुमची," मेस्त्रींनी डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढून निकाल दिला. "पंखा चारवर ठेवलाय, तरी आत हूं की चूं नाही."

फुलवाली हवालदिल झाली. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर गुलाबांच्या बादल्या दाटीवाटीने बसल्या होत्या. दुपारच्या लग्नाआधी त्या हॉलवर पोचायला हव्या होत्या.

"काका, किती वेळ लागेल?"

"मोटर बदलायची म्हणजे दीडेक तास धरा."

"तोवर सगळे माना टाकतील हो! नवरीच्या हातात काय देऊ, देठ?"

गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात मेस्त्रींचं आयुष्य गेलं होतं. सगळा रस्ता त्यांना गारेगार मेस्त्री म्हणायचा. समोरून गाडी गेली तरी आवाजावरून ते सांगत, "याचा कॉम्प्रेसर महिनाभराचा सोबती." आणि तसंच व्हायचं.

त्यांची बायको दाराशी बसून, तांदूळ निवडावेत तसे जुन्या फ्यूजांतून चांगले फ्यूज निवडत होती. तिचा हात थांबला. मोटर चालू होती. तिला इथवर ऐकू येत होती. नेहमीपेक्षा जरा चढ्या सुरात, म्हणजे हवा ओढायला मिळत नसताना मोटर उगाच जोरात पळते तशी. हे तिला मेस्त्रींनीच शिकवलं होतं.

थंडीपासून ती हे सांभाळून घेत होती. फोन वाजला की "तुमचा फोन" म्हणून हातात नेऊन द्यायची. गिऱ्हाइकाचं बोलणं स्वतःच मोठ्याने परत म्हणायची. डॉक्टरचं नाव काढलं की मेस्त्री म्हणत, "मळ साठलाय कानात, निघेल." पण घरातली सारवासारव वेगळी आणि एखाद्याची धडधाकट मोटर उपसून काढणं वेगळं. आणि हे गिऱ्हाइकासमोर बोलायचं कसं?

मेस्त्रींनी पाना उचलला.

"पण काका," फुलवाली त्यांच्याजवळ वाकून चाचरत म्हणाली, "आतून घूं घूं येतंय ना काहीतरी?"

"इंजिनचा आवाज तो, ताई."

"इंजिन तर बंद आहे."

मेस्त्रींनी किल्लीकडे पाहिलं. मग बायकोकडे. काहीतरी थाप तिच्या अगदी ओठांवर आली होती. ती थाप गिळून बायको उठली आणि गाडीपाशी आली.

"अहो, हात लावून बघा ना," ती हळूच म्हणाली. मग लक्षात येऊन तेच मोठ्याने म्हणाली.

मेस्त्रींनी डॅशबोर्डच्या कप्प्यामागे हात घातला आणि मोटरीवर तळवा टेकला. बराच वेळ तो तिथेच राहिला.

"चालू आहे," ते म्हणाले. पाना त्यांनी खाली ठेवला. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"थंडीपासून."

"आणि एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की चांगलं चार वेळा! तुम्हाला ऐकू कुठे आलं?"

मग मेस्त्रींचं पोट हलायला लागलं आणि ते तिथेच पाय गाडीबाहेर सोडून खदाखदा हसले. हसावं की नाही या पेचात पडलेली फुलवालीही शेवटी फिस्सकन हसली.

"ताई, मोटर ठणठणीत आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "कान माझे गेलेत. आता फिल्टर बघू."

फिल्टर बाहेर आला तो रंगीबेरंगी गोधडीच होऊन. वाळलेल्या पाकळ्यांचा थरावर थर बसला होता.

"आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबलेलं असतं ना तुमचं?"

"हो. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून."

"मग पायाशी सांडलेली फुलं ही मोटर ओढून घेते. हार तेवढा ओवायचा ठेवलाय तिने."

नवा फिल्टर बसला. पंखा लावताच भस्सकन वारा आला आणि आत अडकलेला पाकळ्यांचा चुरा मेस्त्रींच्या मिशांवर येऊन बसला. बायको म्हणाली, "शोभतंय हो नवरदेवाला!"

राहिला होता कॉम्प्रेसर. आतलं बटण दाबलं की बॉनेटखाली 'टक्' असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. तो टक् ऐकायला बॉनेटपाशी मेस्त्री आणि बटणावर बायको, ही इतक्या वर्षांची वाटणी.

इंजिन सुरू करून मेस्त्री सवयीने बॉनेटपाशी गेले, वाकले आणि तसेच थांबले. मग हात पुसत मागे फिरले आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

"तू उभी राहा तिथे," ते म्हणाले. "झाला की सांग."

ती पदर खोचून बॉनेटखाली वाकली. त्यांनी बटण दाबलं आणि काचेतून तिच्याकडे पाहत राहिले.

टक् झाला आणि तिने एक बोट वर केलं.